स्वच्छ स्लाइड

काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब ओढणं हे माझं आयुष्यभराचं काम, आणि ते आपल्याला इतरांपेक्षा बरं जमतं हा माझा जुना गर्व. थेंब एका टोकाला ठेवायचा, दुसऱ्या पट्टीची कड त्याला टेकवायची, तो कडेभर पसरेपर्यंत दम धरायचा आणि मग न थांबता, न दाबता एका हातानं ओढून न्यायचा. शेवटाला जिभेसारखं निमुळतं टोक आलं पाहिजे. नागपूरला शिकत असताना आमच्या बाई वेडीवाकडी स्लाइड सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या आणि म्हणायच्या, "हे माणसाचं रक्त आहे, पोळीला लावायचं तूप नाही." माझी स्लाइड त्यांनी कधी टाकली नाही. वर्गातल्या मुली मला त्यावरून चिडवत, आणि मला ते आवडायचं.

पुढं मी पांढरकवड्याला आले आणि एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत लॅब सांभाळू लागले. हैदराबाद रोडवरचे ट्रक जाताना खोलीतल्या बाटल्या वाजायच्या, त्यामुळं मायक्रोस्कोपखाली मी जुन्या गोधडीचा तुकडा घडी करून ठेवला होता. ती गोधडी चाचांनी शिवलेली. चाचा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले पिंजारी. गावातल्या निम्म्या गाद्या त्यांच्या हातच्या. म्हातारे, काटक, आणि दुसऱ्याच्या कामात खोट काढायची भारी हौस. आमच्या लॅबमध्ये सुई टोचल्यावर दाबायला जो कापूस देतो, तो ते बोटांत धरून उजेडाकडे न्यायचे आणि म्हणायचे, "बाई, हा कापूस व्हय? हा त कागद हाये. माह्या दुकानातून घेऊन जा." एकदा खरंच त्यांनी स्वतः पिंजलेला कापूस पिशवीभर आणून ठेवला. दवाखान्यात तो चालत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. घरी नेला आणि उशी केली.

ते कापसाचे वाईट दिवस होते. त्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय. मला आठवतं ते माझ्या टेबलावरून दिसलेलं. फवारणीचं औषध पोटात गेलेल्या माणसांचं रक्त आमच्याकडं यायचं आणि त्यांच्या घरचे लोक माझ्या दाराशी उभे राहायचे. मी बाहेर आले की विचारायचे, "काय म्हन्ते रिपोट?" आपल्याकडं याला एकच उत्तर असतं. कंपाउंडर, शेजारचा पेशंट, चहावाला, सगळे तेच देतात: काही नाही, होईल बरं. हा धीर देण्याचा रिवाज इतका पक्का की न देणारा माणूस दगडाच्या काळजाचा ठरतो. मीही द्यायची. एकदा एका बाईला मी असंच म्हटलं आणि म्हटलं, जा, घरून कपडे घेऊन या. ती कपडे घेऊन परत आली तेव्हा नवरा गेलेला होता. पिशवी हातात धरून ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. त्या दिवसापासून मी ठरवलं की कुणी विचारलं तर खरं सांगायचं, नाहीतर तोंड बंद ठेवायचं.

या ठरावाचाही मला पुढं गर्व झाला. माझ्या चांगल्या गोष्टी सगळ्या अशाच नासल्या आहेत.

चाचा रक्त तपासायला आले ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. उजव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नव्हतं, सुईत दोरा गल्लीतलं एखादं पोर ओवून द्यायचं. ऑपरेशनआधीची साधी तपासणी. त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्या कापसाला नावं ठेवली आणि दुकानात परत गेले. मी मोजणीला बसले तर पांढऱ्या पेशी असायला हव्यात त्याच्या कितीतरी पट. पुन्हा मोजल्या. तेवढ्याच. मग स्लाइड केली, रंगवली, मायक्रोस्कोपखाली घातली आणि माझं डोकंच फिरलं. सगळीकडं फुटक्या पेशी. गोल, नीटस पेशींच्या मध्येमध्ये पसरलेले, विस्कटलेले जांभळे डाग, जसे काही कुणी पिंजून टाकलेत. अशी घाण स्लाइड माझ्या हातून कधी झाली नव्हती. मला वाटलं, मी दाबून ओढली.

आणखी एक केली. तीही तशीच.

आमच्या बाईंनी यावर एक उपाय शिकवला होता. रक्ताच्या थेंबात अल्ब्युमिनचा, म्हणजे रक्तातल्याच एका प्रथिनाच्या द्रावाचा, एक थेंब मिसळायचा. क्रॉसमॅचसाठी, म्हणजे पेशंटला द्यायचं रक्त त्याच्या रक्ताशी जुळतं का बघायला, त्याची छोटी बाटली फ्रिजमध्ये असायचीच. त्यानं नाजूक पेशींना आधार मिळतो, ओढताना त्या फुटत नाहीत. मी तसं केलं आणि तिसरी स्लाइड आली ती अशी देखणी की भिंतीवर लावावी. एकूण एक पेशी शाबूत. पहिल्या दोन मी जंतुनाशकाच्या पाण्यात टाकल्या. त्यात मला काही चुकीचं वाटलं नाही. चांगली स्लाइड पुढं जाते, वाईट टाकून देतात, हे मी शिकलेलं कामच होतं.

दर महिन्याला नागपूरहून एक तरुण डॉक्टर आमच्या दवाखान्यात यायचे. रक्ताच्या आजारांतले. हुशार माणूस, नवीन नवीन वाचणारा, आणि वाचलेलं सांगायची घाई असलेला. त्यांनी स्लाइड बघितली आणि पहिल्यांदा काय म्हणाले तर, "वा, किती स्वच्छ स्लाइड आहे. कुणी केली?" मी केली म्हटलं. मग ते म्हणाले, हा म्हातारपणी होणारा रक्ताचा कॅन्सर आहे. सावकाश चालणारा. काही जण यात वर्षानुवर्षं काहीही न होता जगतात, आणि काहींना तो लवकर गाठतो. कोण कुठल्या गटातलं हे आधी कळायला महागड्या तपासण्या लागतात, त्या इथं होत नाहीत. पण एक साधी खूण आहे. स्लाइडवर फुटलेल्या पेशी किती आहेत ते बघायचं. जास्त फुटत असतील तर आजार सौम्य, माणूस टिकतो. फुटत नसतील तर पेशी चिवट, आजार जास्त ताकदीचा.

"इथं तर एकही फुटलेली दिसत नाही," ते म्हणाले. "जरा लक्ष ठेवावं लागेल. डोळ्याचं ऑपरेशन सध्या थांबवा."

मी तिथंच उभी होते. माझ्या हातानं टाकलेला थेंब मला माहीत होता, आणि ते काय सांगतायत तेही मी ऐकत होते. आता लोकांना सांगितलं तर पटत नाही, पण खरोखर माझ्या डोक्यात त्या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्याच नाहीत. माझ्या कानात एवढंच घुमत होतं की किती स्वच्छ स्लाइड आहे. तो सगळा दिवस मी त्यावर खूश होते. घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितलं.

चाचांची बायको कधीच गेलेली. मुलगा हैदराबाद रोडवर ट्रक चालवायचा, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. आणि धाकटी मुलगी नागपूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्यांच्या घरातली शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी. तिला पाठवताना नात्यातले लोक काय काय बोलले होते ते सगळ्या गल्लीला माहीत होतं, आणि चाचांनी सगळ्यांना दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवलं होतं तेही. तिच्या पांढऱ्या ड्रेसचा फोटो दुकानात धुनकीच्या वर लावलेला होता. धुनकी म्हणजे कापूस पिंजायची ती मोठी धनुकली. मशीन आल्यापासून ती नुसती खुंटीला लटकायची, पण चाचा ती काढू देत नसत.

ती ईदला घरी आली तेव्हा तिला आजाराचं कळलं. डॉक्टरांनी "लक्ष ठेवू" एवढंच सांगितलेलं. ती सरळ माझ्याकडं आली. उंच, सावळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी.

"ताई, स्लाइड तुम्ही पाह्यली न? मले कोनी सांगत नाही. तुम्ही सांगा."

गप्प बसायचा पर्याय मी माझ्यासाठी ठेवला होता. पण ही नर्सिंगची मुलगी, हिला खरं ऐकायचा हक्क आहे असं मला वाटलं. आणि कबूल करायला जड जातं, पण आपल्याला काहीतरी कळतं हे सांगायची मला हौसही होती. डॉक्टरांनी "जरा लक्ष ठेवावं लागेल" म्हटलेलं माझ्या तोंडून बाहेर पडलं ते असं:

"लांबचं धरून नको चालू. त्याइच्यासंगं राह्यचं असन त आता राहून घे."

तिनं मान हलवली. रडली नाही. "कोनी तरी खरं बोल्लं," म्हणाली आणि गेली. पुढच्या आठवड्यात ती नागपूरला गेली आणि ट्रंक घेऊन परत आली. मी दारातून तिला रिक्षातून उतरताना बघितलं. तेव्हा मला वाईट वाटलं, पण त्या वाईटात समाधानही होतं. खोटा धीर घेऊन ती परत गेली असती आणि बाप मागं गेला असता तर तीही त्या बाईसारखी पिशवी घेऊन उभी राहिली असती. त्यातून मी तिला वाचवलं, असं मी स्वतःला सांगितलं.

मोतीबिंदूचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. चाचा स्वतःच म्हणाले म्हणे, आता कायले डोळे. ते एका डोळ्यानं आणि बाकी बोटांनी काम करत राहिले. पुढं तो डोळाही अंधुक झाला.

काही महिन्यांनी ती त्यांचं रक्त द्यायला त्यांना घेऊन आली. मी फ्रिज उघडला तर अल्ब्युमिनची बाटली रिकामी. नागपूरचं पार्सल एसटीनं यायचं होतं, ते आलं नव्हतं. तशीच स्लाइड केली, मनात म्हटलं, होऊ दे घाण तर घाण. मायक्रोस्कोपवर वाकले. पुन्हा तेच विस्कटलेले डाग, सगळीकडं, आधीपेक्षाही जास्त. आणि आता कुणी स्लाइडचं कौतुक करायला समोर नव्हतं, म्हणून असेल, पण त्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकदम येऊन भिडल्या. मी स्टूलवरून उठले आणि परत बसले.

माझा हात चुकला नव्हता. चाचांचं रक्तच तसं होतं. ते फुटत होतं, आणि फुटत होतं ही चांगली खूण होती, आणि ती मी पुसून टाकली होती.

नागपूरचे डॉक्टर आले तसं मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. नवी स्लाइड बघून त्यांचा चेहरा उजळला. "मग तर छानच की," म्हणाले. "एका खुणेवर सगळं ठरत नाही, पण मानेतल्या, काखेतल्या गाठी वाढलेल्या नाहीत, पेशींचा आकडा फारसा वर गेलेला नाही. हे गृहस्थ आपल्याला पुष्कळ वर्षं त्रास देणार." त्यांच्यासाठी विषय तिथं संपला. त्यांनी चाचांना आणि मुलीला आत बोलावून हसत हसत सांगितलं की काळजीचं काही नाही, मजेत राहा. ते हेच, याच हसण्यानं, सगळ्यांना सांगायचे.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. तिचं नाव कॉलेजनं अजून काढलेलं नव्हतं, महिनाभरात हजर झाली तर घेतील असं पत्र आल्याचं गल्लीत ऐकलं होतं. म्हणजे वेळ होता. मी दुकानाच्या पायरीवर बसले. चाचा आत नमाजाला गेलेले. तिला मी एका दमात सांगितलं, की माझी चूक झाली, स्लाइडमध्ये मी औषध घातलं होतं, तुझे अब्बा अजून पुष्कळ वर्षं राहतील, तू उद्याच्या गाडीनं जा.

तिनं माझ्यासाठी चहा आणला. माझ्या हातात कप दिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. बारीकसं हसली. मला ते हसणं ओळखीचं होतं. पेशंटच्या घरच्या माणसांकडं बघून आम्ही हसतो तसं.

"ताई, तुम्ही लय चांगल्या हा," ती म्हणाली. "आमाले बी हेच शिकवत व्हते. घरच्याइले धीर द्यायचा."

"धीर नाही देऊन राह्यली मी. खरं सांगून राह्यली."

"हो न," ती म्हणाली, अगदी मायेनं. "प्या चहा."

मी किती वेळा, किती तऱ्हांनी सांगितलं. अल्ब्युमिन काय, पेशी कशा फुटतात, डॉक्टर काय म्हणाले. जितकं जास्त सांगावं तितकी तिची नजर मऊ होत गेली. तेव्हा मला उमगलं. आमच्याकडं वाईट बातमी कुणी फुकट सांगत नाही. मी सांगितली होती, म्हणजे ती खरीच असणार. आणि चांगली बातमी तर जो तो सांगतो. मी खरं बोलणारी म्हणून तिनं एकदा माझ्यावर विश्वास ठेवला होता, तो आता परत घेता येत नव्हता. चहा पिऊन मी घरी आले. महिना उलटला आणि तिचं नाव कमी झालं.

चाचा जगले. वर्षामागून वर्ष जगले. दुकान चालेनासं झालं होतं, फोमच्या तयार गाद्या आल्या होत्या, लग्नातसुद्धा लोक त्याच द्यायला लागले होते. पण जुन्या गाद्या उसवून पुन्हा भरायचं काम यायचं. ते काम मुलगी करू लागली. तिचे टाके सरळ आणि सारखे पडायचे, नर्सचा हात होता तो. नाकावर फडकं बांधून ती मशीनवर बसायची, पापण्यांवर कापसाचा भुरका. गल्लीत कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं तर तिलाच बोलावत. तिला स्थळं आली. अब्बांची तब्येत सांगून तिनं ती परतवली.

दर थोड्या महिन्यांनी ती बापाला घेऊन यायची, आणि मी मोजणीला बसायची. त्या वेळचं माझं मन मी कधी कुणाला दाखवलं नाही. आकडा तेवढाच निघाला की मला हायसं वाटायचं, ते खरंच. पण त्याच्या आत, अगदी तळाशी, काहीतरी खट्टू व्हायचं. चाचा गेले असते तर मी सांगितलेलं बरोबर ठरलं असतं. तिनं सोडलेलं कॉलेज वाया गेलं नसतं. माझी चूक मिटून गेली असती. मला त्या माणसाचं मरण नको होतं, आणि तरी मायक्रोस्कोपवर वाकताना माझ्यातलं काहीतरी ते शोधत असायचं. चाचा बाहेर बाकावर बसून कुणाला तरी खरा कापूस कसा ओळखायचा हे सांगत असायचे, त्यांचा आवाज आत ऐकू यायचा. मला माझी शिसारी यायची.

असाच एक दिवस. चाचांचं रक्त घेऊन झालं होतं, ते बाहेर गेले होते. मुलगी मागं थांबली. तिच्या कपाळाजवळ केस पांढरे व्हायला लागले होते.

"ताई, आता त सांगा खरं," ती म्हणाली. "किती दिवस राह्यले? दर ईदीले वाटते हे शेवटची. नवे कपडे शिवतो त वाटते, हे घालाले ते राह्यतीन का. लय थकली मी."

मला वाटलं होतं, इतक्या वर्षांत तिला आपोआप कळलं असेल. बाप डोळ्यांसमोर जगतोय म्हटल्यावर कळणारच की. पण नाही. मी एका वाक्यानं तिच्या घरात जे बसवून आले होते, ते अजून तिथंच बसलेलं होतं. तिनं फक्त कॉलेज सोडलं नव्हतं. इतकी वर्षं ती रोज बापाला निरोप देत होती.

या वेळी मी बोलले नाही. तिला हाताला धरून स्टूलवर बसवलं. फ्रिजमधून अल्ब्युमिनची बाटली काढून तिच्यासमोर ठेवली. चाचांचं आत्ताच काढलेलं रक्त दिलं.

"एक नुसती कर. एक हे घालून कर. तूच कर."

असलं काम तिनं कित्येक वर्षांत केलं नव्हतं, पहिली पट्टी वाकडी गेली. दुसऱ्या दोन बऱ्या आल्या. मी रंगवल्या, सुकवल्या, आणि आधी औषधाची लावली. तिनं बघितली. मग नुसती लावली. ती वाकली आणि तशीच राहिली. एक ट्रक गेला, बाटल्या वाजल्या. तिनं स्वतःच पहिली पुन्हा लावली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं, पण आता मला वाटतं तिला ते ऐकायची गरज उरली नव्हती.

"म्हंजे त्या दिवशी पायरीवर तुम्ही खरं बोलत व्हत्या," ती मायक्रोस्कोपवरून मान न काढताच म्हणाली.

"हो."

"मंग तवा काहून नाही दाखवलं असं?"

तेव्हा मला ते सुचलंच नव्हतं. मी तोंडानं सांगत बसले, कारण माझ्या शब्दाला किंमत आहे असं मला वाटत होतं. लॅब शंभर पावलांवर होती आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी तिला "चल" म्हणाले असते तर झालं असतं. हे मी तिला म्हटलं. माफी मागितली. तिनं पट्ट्या उचलल्या, दोन्ही उजेडाकडे धरल्या, चाचा कापूस धरायचे तशा, आणि माझ्या हातात दिल्या.

जाताना दारात थांबली.

"अब्बाले सांगू नका," म्हणाली. "त्याइले वाटते, मी राह्यली म्हून ते जगले. हे कळलं त त्याइले काय वाटन? पोरीचं शिकनं उगाच गेलं म्हून झुरून मरतीन ते." आणि मग जरा थांबून, "मी बी तसंच समजत व्हती, ताई."

त्या हिवाळ्यात तिनं चाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. मी नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं, खुशाल करा. तपासणीसाठी रक्त मीच घेतलं होतं. ऑपरेशननंतर चाचा पुन्हा आले ते काळा चष्मा लावून, भलतेच खुशीत. बसल्या बसल्या चष्मा वर करून त्यांनी मला निरखलं.

"बाई, तुम्ही त पार म्हाताऱ्या झाल्या. मी समजत व्हतो तशाच असान."

मी हसले. त्यांनी बाही वर केली. हात वाळून काडी झाला होता, पण शीर अजून चांगली सापडायची. मी पट्टा बांधला, सुई लावली, नळीत रक्त चढू लागलं. मुलगी बाहेर बाकावर बसली होती, अर्धवट उघड्या दारातून तिची पाठ दिसत होती. चाचा तिकडंच बघत होते. इतक्या वर्षांनी त्यांना ती इतकी लांबून नीट दिसत असावी.

"केस पिकले पोरीचे," ते हळूच म्हणाले. "मले दिसतच नव्हतं."

मी पट्टा सैल केला.

"एक इचारू, बाई? तुम्ही खोटं नाही बोलत, म्हून तुमालेच इचारतो." त्यांचा आवाज आणखी खाली आला. "तिनं शिकनं सोडलं माह्यासाठी. मोठी नर्स झाली असती. ते मले रोज टोचते. पन मी म्हन्तो, तिनं जपलं म्हून त मी हाये. पोरगी नसती त कवाचाच गेलो असतो न मी?"

दारातली पाठ हलली नाही, पण मला वाटतं तिनं ऐकलं. ती माझ्याकडं वळली नाही.

"हो, चाचा," मी म्हटलं. "कवाचेच गेले असते."

त्यांनी समाधानानं मान हलवली. मी सुई काढली, कापूस ठेवला आणि त्यांचा हात कोपरात दुमडून धरला. त्या दिवशी त्यांनी कापसाला नावं ठेवली नाहीत.